चहा कंपन्यांच्या समभागांत चार्ट पॅटर्न कसे वापरावेत : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

चार्ट पॅटर्न, म्हणजे समभागाच्या भावाच्या आलेखावर वारंवार दिसणाऱ्या आकृत्या, शिकू पाहणारा नवखा माणूस बहुधा आकृत्यांची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करतो आणि मग त्या आकृत्या कुठे सापडतात हे शोधत कंपन्यांचे चार्ट पालथे घालतो. चहा कंपन्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात एकच आकृती एका कंपनीच्या चार्टवर भरवशाची ठरते आणि दुसऱ्या कंपनीच्या चार्टवर निव्वळ योगायोग असते. हा फरक आकृतीत दिसत नाही. तो कंपनीच्या धंद्यात, समभागाच्या रोजच्या उलाढालीत आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात आपण चार्ट पाहत आहोत यात असतो. खालील पायऱ्या रोखीच्या बाजारात डिलिव्हरी घेऊन, म्हणजे समभाग आपल्या खात्यात घेऊन, काही आठवडे ते काही महिने समभाग बाळगणाऱ्यासाठी आहेत. दिवसभरातच खरेदी-विक्री उरकणाऱ्यांसाठी त्या नाहीत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला होता, आणि नवख्याने तिथून सुरुवात करण्याचे कारण मला दिसत नाही. लेखात आलेली कंपन्यांची नावे केवळ उदाहरणादाखल आहेत, ती खरेदीची शिफारस नाही.

पहिली पायरी : कंपनी चहा पिकवते की विकते, हे ठरवा

'चहा कंपनी' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे धंदे येतात. जय श्री टी, गुडरिक किंवा मॅक्लिऑड रसेल यांसारख्या कंपन्यांचे स्वतःचे मळे आहेत. लिलावात चहाचा भाव वाढला की त्यांचे उत्पन्न वाढते. टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्स ही पूर्वीची टाटा टी मात्र प्रामुख्याने ब्रँडेड माल विकणारी कंपनी आहे. तिच्यासाठी चहा हा कच्चा माल असल्यामुळे लिलावातला भाव वाढला की तिचा खर्च वाढतो आणि पाकिटाची किंमत वाढवेपर्यंत नफ्याचे प्रमाण घटते. २०२४-२५ मध्ये नेमके हेच घडले होते. आसामात पीक कमी आल्याची बातमी आली की मळ्यांच्या कंपन्यांचे चार्ट वर आणि ब्रँडच्या कंपनीचा चार्ट खाली, असे चित्र म्हणूनच शक्य असते. एकाच्या चार्टवरून दुसऱ्याविषयी अंदाज बांधणे हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा आहे.

याशिवाय काही समभाग नावाने किंवा वर्गवारीने चहाचे असतात, पण त्यांचा भाव भलत्याच गोष्टीवर हलतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली स्थापन झालेली वाडिया समूहाची कंपनी. तिचे चहाचे मळे आहेत, परंतु बाजार तिचे मूल्य मुख्यतः तिच्या उपकंपन्यांमार्फत असलेल्या ब्रिटानियातील हिश्शावरून ठरवतो. रॉसेल इंडियाकडे आसामातील मळ्यांबरोबरच विमान व संरक्षण क्षेत्राला सुटे भाग पुरवणारा विभाग होता. तो २०२४ मध्ये विलग होऊन वेगळी कंपनी झाला. साहजिकच रॉसेलच्या विलगीकरणापूर्वीच्या चार्टवर जे पॅटर्न दिसतात ते चहापेक्षा त्या दुसऱ्या धंद्याविषयी जास्त सांगतात. टाटा कन्झ्युमरच्या भावात मीठ, डाळी, मसाले, कॉफी आणि अलीकडे विकत घेतलेले खाद्यपदार्थांचे ब्रँड हे सगळे मिसळलेले असते. ताज्या वार्षिक अहवालात विभागवार महसुलाचा तक्ता असतो. त्यात चहाचा वाटा किती हे पाहायला दहा मिनिटे पुरतात, आणि तो पाहिल्याशिवाय पुढची पायरी चढू नये.

दुसरी पायरी : उलाढाल तपासा

पॅटर्न म्हणजे असंख्य खरेदीदार आणि विक्रेत्यांच्या निर्णयांची भावावर उमटलेली छाप. व्यवहार करणारेच मोजके असतील तर छाप उमटत नाही, नुसते ठिपके उरतात. टाटा कन्झ्युमर हा २०२१ पासून निफ्टी ५० मधला समभाग आहे आणि त्यात वायदे व्यवहारही (पुढच्या ठरावीक तारखेचे सौदे) चालतात, त्यामुळे तिथे उलाढालीची चिंता नाही. मळ्यांच्या बहुतेक कंपन्या मात्र छोट्या आहेत आणि त्यातल्या काहींत एखाद्या दिवशी जेमतेम काही हजार समभागांचीच देवघेव होते. अशा चार्टवर उघडणारा आणि बंद होणारा भाव एकच असलेली, म्हणजे 'डोजी' प्रकारची कँडल (ठरावीक काळातला उघडणारा, बंद होणारा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव दाखवणारी मेणबत्तीसारखी खूण) वरचेवर दिसते. पुस्तकी अर्थाने ती खरेदीदार-विक्रेत्यांमधली अनिश्चितता दाखवते, पण इथे बऱ्याचदा तिचा अर्थ एवढाच असतो की त्या दिवशी फारसे कोणी फिरकलेच नाही. लांब वात (कँडलच्या वर किंवा खाली निघणारी रेघ) असलेली कँडलही कधी कधी एकाच घाईच्या ऑर्डरची करामत असते.

म्हणून मागच्या वीस दिवसांच्या सरासरी व्हॉल्यूमचा, म्हणजे देवघेव झालेल्या समभागांच्या संख्येचा, आकडा लिहून ठेवावा आणि आपली खरेदी त्याच्या दोन टक्क्यांहून अधिक होणार असेल तर तो समभाग सोडून द्यावा. हा दोन टक्क्यांचा आकडा काही शास्त्र नाही, माझा ढोबळ नियम आहे. पण विकायच्या दिवशी आपल्याच ऑर्डरने भाव पडू नये, एवढी काळजी तो घेतो. समभाग एनएसई आणि बीएसई या दोन्ही बाजारांत नोंदलेला असेल तर ज्या बाजारात उलाढाल जास्त तिथलाच चार्ट वापरावा. समभाग 'ट्रेड टू ट्रेड' गटात किंवा एएसएम, जीएसएम यांसारख्या निगराणीच्या यादीत आहे का, हेही एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर पाहावे. ट्रेड टू ट्रेड गटात प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी सक्तीची असल्यामुळे 'डिलिव्हरीचे प्रमाण वाढले' या संकेताला तिथे काहीच अर्थ उरत नाही. शेवटी सर्किटची मर्यादा, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती वर-खाली जाऊ शकतो ती, पाहावी. ती २, ५, १० किंवा २० टक्के असते. ५ टक्क्यांच्या मर्यादेतला समभाग लागोपाठ खालच्या सर्किटला लागला तर स्टॉप लॉस (तोटा रोखण्यासाठी आधीच ठरवलेली विक्रीची पातळी) कागदावरच राहतो, कारण घेणाराच समोर नसतो.

तिसरी पायरी : चार्ट नीट मांडा

साप्ताहिक चार्ट आधी आणि दैनिक चार्ट नंतर, हा क्रम ठेवावा. कमी उलाढालीच्या समभागात एकेका दिवसाचा गोंगाट साप्ताहिक कँडलमध्ये बराचसा विरतो. भावाची मोजपट्टी लॉग प्रकारची निवडावी, म्हणजे ५० वरून १०० आणि १०० वरून २०० ही वाढ चार्टवर सारखीच दिसेल. खाली व्हॉल्यूम आणि त्याची वीस दिवसांची सरासरी असावी. याहून अधिक इंडिकेटर (भाव-व्हॉल्यूमवरून काढलेल्या मोजमापांच्या रेघा) सुरुवातीला नकोत. चार-पाच रेघा एकमेकींवर चढल्या की किंमत दिसेनाशी होते.

बोनस किंवा विभाजनानंतर बहुतेक चार्ट सेवा जुने भाव आपोआप समायोजित करतात. विलगीकरण किंवा हक्कभाग विक्रीच्या (आहे त्याच भागधारकांना नवे समभाग देऊ करण्याच्या) बाबतीत मात्र प्रत्येक सेवा ते करतेच असे नाही. एका दिवसात भाव अचानक खाली उडालेला दिसला तर तो पॅटर्न तुटल्याचा संकेत मानण्याआधी त्या तारखेच्या कॉर्पोरेट घोषणा उघडून पाहाव्यात.

आधार (जिथून भाव वर फिरतो) आणि अडथळ्याच्या (जिथून तो खाली फिरतो) पातळ्या आखताना बारीक रेघेऐवजी पट्टा आखावा. भाव २४०, २४३ आणि २३८ अशा तीन ठिकाणांहून वर फिरला असेल तर आधार २३८ ते २४३ असा धरावा. २४० ला रेघ मारून २३९ ला घाबरून विकण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी : चार्टवर चहाचे वर्ष उमटवा

ही पायरी सामान्य मार्गदर्शनात नसते, आणि मळ्यांच्या कंपन्यांसाठी मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. भारतात वर्षाला साधारण १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या आसामचा असतो. आसाममध्ये आणि उत्तर बंगालातील दुआर्स व दार्जिलिंगमध्ये थंडीत झुडपे सुप्तावस्थेत जातात. मार्च-एप्रिलमध्ये पहिली खुडणी म्हणजे फर्स्ट फ्लश येतो, मे-जूनमध्ये दर्जाने वरचढ मानला जाणारा सेकंड फ्लश, जुलै ते सप्टेंबर पावसाळ्याचे भरघोस पीक आणि त्यानंतर शरदातली शेवटची खुडणी. हंगामाच्या शेवटी निकृष्ट पानाचा चहा बाजारात येऊ नये म्हणून चहा उद्योगाचे नियमन करणारे टी बोर्ड खुडणी थांबवण्याची तारीख ठरवून देते. २०२४ मध्ये आसाम आणि पश्चिम बंगालसाठी ती ३० नोव्हेंबर होती. निलगिरी, मुन्नार, वालपराई या दक्षिणेकडील भागांत मात्र कमी-अधिक प्रमाणात वर्षभर खुडणी चालते, त्यामुळे दक्षिणेतील मळ्यांच्या कंपनीला हे वेळापत्रक जसेच्या तसे लावू नये.

याचा चार्टशी संबंध असा की जानेवारी ते मार्च या तिमाहीत उत्तरेकडील मळ्यांत पीक नगण्य असते, पण मजुरी, शिधा, देखभाल हे खर्च चालूच राहतात. मजुरी हाच मळ्याचा सर्वांत मोठा खर्च आहे. परिणामी या तिमाहीत तोटा दाखवणे हे अशा कंपन्यांचे नेहमीचे चित्र आहे, तर पावसाळी तिमाहीचे आकडे भरभक्कम दिसतात. मार्च तिमाहीचे निकाल ३० मेपर्यंत, जूनचे १४ ऑगस्टपर्यंत, सप्टेंबरचे १४ नोव्हेंबरपर्यंत आणि डिसेंबरचे १४ फेब्रुवारीपर्यंत जाहीर करावे लागतात. या चार तारखा चार्टवर उभ्या रेघांनी दाखवाव्यात. निकालाची तुलना आधीच्या तिमाहीशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. 'कंपनी तोट्यातून नफ्यात' असा मथळा वाचून जुलै-ऑगस्टमध्ये समभागावर उड्या पडतात, तेव्हा हा चमत्कार दर वर्षीच घडतो हे लक्षात असलेला माणूस शांत बसू शकतो.

दुसरी नोंद लिलावाच्या भावाची. कोलकात्यात १८६१ पासून आणि गुवाहाटीत १९७० पासून चहाचे लिलाव होतात. सिलिगुडी, कोची, कुन्नूर आणि कोइम्बतूर ही इतर प्रमुख केंद्रे. लिलाव आठवड्याच्या हिशेबाने चालतात आणि सरासरी भाव टी बोर्ड प्रसिद्ध करते. एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये आसामच्या कंपनीसाठी गुवाहाटीचा आणि दक्षिणेच्या कंपनीसाठी कुन्नूर किंवा कोचीचा साप्ताहिक भाव टिपावा आणि त्याशेजारी गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा भाव लिहावा. कंपनी ऑर्थोडॉक्स चहा (पाने वळून पारंपरिक पद्धतीने केलेला) जास्त बनवत असेल तर इराणसारख्या ग्राहक देशांतून मागणी कशी आहे, याच्या बातम्याही तितक्याच उपयोगी पडतात. समभागाचा ब्रेकआउट (भावाने अडथळा ओलांडून वर जाणे) आणि लिलावाच्या भावातली वाढ एकाच सुमारास दिसली तर आकृतीला धंद्याचे पाठबळ आहे असे समजावे. लिलाव थंड आणि समभाग तेजीत असेल तर त्यामागचे दुसरे कारण, म्हणजे जमीनविक्री, कर्जफेड, मालकीबदलाची कुजबुज असे काही, सापडेपर्यंत हात आखडता घ्यावा.

पाचवी पायरी : मोजकेच पॅटर्न शिका

मळ्यांच्या समभागांत सर्वाधिक उपयोगी पडणारा पॅटर्न म्हणजे आडवा पट्टा. भाव काही महिने एका आधार आणि एका अडथळ्याच्या मध्ये फिरत राहतो, व्हॉल्यूम आटत जातो आणि मग एखाद्या दिवशी मोठ्या व्हॉल्यूमसह तो पट्ट्याबाहेर पडतो. हिवाळ्यात नवे पीकच नसल्यामुळे ठोस बातमी कमी असते आणि भाव असा रेंगाळण्याला नैसर्गिक कारण मिळते. पट्टा जितका जुना आणि त्याच्या दोन्ही कडांना भाव जितक्या वेळा टेकलेला, तितका तो भरवशाचा. निदान दोन-दोन स्पर्श तरी हवेत.

डबल बॉटममध्ये भाव जवळपास एकाच पातळीवर दोनदा तळ गाठतो आणि मधल्या शिखराच्या वर बंद झाल्यावरच पॅटर्न पूर्ण होतो. दुसरा तळ दिसताच खरेदी करणाऱ्याच्या हातात अजून पॅटर्न आलेला नसतो, आशा असते. दोन तळांमध्ये किमान काही आठवड्यांचे अंतर असावे आणि दुसऱ्या तळाशी विक्रीचा व्हॉल्यूम पहिल्यापेक्षा कमी असावा. त्रिकोणात शिखरे आणि तळ एकमेकांजवळ सरकत जातात. आडवे छप्पर आणि चढते तळ असलेला त्रिकोण त्यातल्या त्यात वाचायला सोपा, पण भाव टोकापर्यंत रेंगाळत गेला तर त्यातला जोर संपलेला असतो.

हेड अँड शोल्डर्ससारख्या (मधले शिखर उंच, बाजूची दोन ठेंगणी) मंदीच्या आकृत्यांबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. रोखीच्या बाजारात शॉर्ट विक्री (हातात नसलेले समभाग आधी विकणे) त्याच दिवशी मिटवावी लागते आणि वायदे व्यवहार छोट्या मळा कंपन्यांत नाहीत. त्यामुळे या आकृत्या अशा समभागांत नफा कमावण्यासाठी नसून हातातला माल केव्हा सोडायचा हे ठरवण्यासाठी आहेत. टाटा कन्झ्युमरमध्ये वायद्याचा मार्ग खुला आहे, पण नवख्याने तिकडे वळू नये.

सहावी पायरी : खरेदीआधी हिशेब लिहा

एक काल्पनिक मळा कंपनी घेऊ. डिसेंबर ते एप्रिल भाव २४० ते २७० च्या पट्ट्यात होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो २७४ ला बंद झाला. त्या दिवशी व्हॉल्यूम २६,००० आणि वीस दिवसांची सरासरी ८,०००. बंद भाव पट्ट्याबाहेर आहे, व्हॉल्यूम सरासरीच्या तिपटीहून जास्त आहे, गुवाहाटीचा लिलाव भाव गेल्या वर्षीच्या याच आठवड्यांपेक्षा वर आहे. इथपर्यंत सगळे जुळते.

आता आपण कुठे चुकलो असे मानायचे, ते आधी ठरवावे. ब्रेकआउटच्या आदल्या आठवड्यातला नीचांक २६० असेल तर त्याच्या जरा खाली, २५८ ला, स्टॉप लॉस येतो. २७४ ला खरेदी धरली तर प्रत्येक समभागामागे जोखीम १६ रुपये. एकूण भांडवल २ लाख रुपये आणि एका व्यवहारात त्याच्या १ टक्क्याहून अधिक गमवायचे नाही असे ठरवले, तर २,००० ला १६ ने भागून १२५ समभाग येतात. त्यांची किंमत ३४,२५० रुपये. सरासरी व्हॉल्यूमच्या तुलनेत १२५ हा आकडा दोन टक्क्यांच्या आत बसतो. पट्ट्याची उंची ३० रुपये, म्हणून ढोबळ लक्ष्य २७० अधिक ३० म्हणजे ३००. २६ रुपयांच्या अपेक्षित नफ्यासाठी १६ रुपयांची जोखीम हे प्रमाण जेमतेम स्वीकारण्याजोगे आहे. भाव आधीच २८२ झाला असता तर तोच स्टॉप लॉस २४ रुपये दूर आणि लक्ष्य १८ रुपयांवर राहिले असते, आणि आकृती कितीही सुबक असली तरी व्यवहार सोडावा लागला असता. किती समभाग घ्यायचे हे उत्साहाऐवजी स्टॉप लॉसच्या अंतराने ठरते, आणि माझ्या दृष्टीने पॅटर्नचा खरा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा हे अंतर दाखवण्यात आहे.

या उदाहरणात एक काटा उरतोच. मार्च तिमाहीचे निकाल ३० मेपर्यंत यायचे आहेत आणि ते तोट्याचे असण्याची शक्यता मोठी आहे. संचालक मंडळाच्या बैठकीची तारीख एक्स्चेंजवर आधीच कळवलेली असते. ती चार-पाच दिवसांवर असेल तर मी निकाल लागेपर्यंत थांबणे पसंत करेन. ती दूर असेल तर निम्मे समभाग आता आणि निम्मे निकालानंतर भाव २७० च्या वर टिकला तर, असा मार्ग घेता येतो. ब्रेकआउटनंतर भाव पुन्हा जुन्या अडथळ्यापाशी येणे नेहमीचे असल्यामुळे थांबणाऱ्याला बऱ्याचदा दुसरी संधी मिळते.

सातवी पायरी : ऑर्डर टाकणे आणि बाहेर पडणे

छोट्या समभागात मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकू नये. खरेदी-विक्रीच्या भावांत दोन-तीन रुपयांची फट असेल तर सगळा हिशेब तिथेच बिघडतो. लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर, लावून वाट पाहावी. साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच जिवंत असते, म्हणून ब्रोकरकडे जीटीटीची (अनेक दिवस जिवंत राहणाऱ्या ऑर्डरची) सोय असल्यास ती वापरावी. तीत ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो) आणि विक्रीची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नये. वरच्या उदाहरणात ट्रिगर २५८ आणि विक्रीची किंमत २५७ ठेवली आणि वाईट निकालानंतर भाव थेट २४८ ला उघडला, तर ऑर्डर लागेल पण विक्री होणार नाही. विक्रीची किंमत ट्रिगरपेक्षा बरीच खाली ठेवल्यास सुटका होण्याची शक्यता वाढते, मात्र तोटा २,००० ऐवजी ३,२५० च्या घरात जाऊ शकतो. म्हणूनच एकाच वेळी तीन-चार मळा कंपन्यांत पैसे अडकवू नयेत. आसामातली एक वाईट बातमी सगळ्यांना सोबतच खाली नेते आणि १ टक्क्याची जोखीम प्रत्यक्षात ४ टक्क्यांची होऊन बसते.

भाव लक्ष्याजवळ आल्यावर अर्धे समभाग विकून उरलेल्यांचा स्टॉप लॉस खरेदीच्या किमतीवर आणणे नवख्याला सोपे जाते. भाव ठरलेल्या मुदतीत, समजा आठ आठवड्यांत, कुठेच न गेल्यास बाहेर पडलेले बरे. एकदा लावलेला स्टॉप लॉस वर सरकवता येतो. खाली सरकवू नये.

आठवी पायरी : खर्च, कर आणि नोंदी

डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर) लागतो. वरच्या उदाहरणात तो दोन्ही मिळून सुमारे ७२ रुपये होतो. त्यावर मुद्रांक शुल्क, ब्रोकरेज असल्यास ते आणि विक्रीच्या वेळचे डीमॅट खात्याचे शुल्क येते. बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दराने अल्पकालीन भांडवली नफा कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. ३०० ला विकून झालेल्या ३,२५० रुपयांच्या नफ्यातून साधारण ६७६ रुपये त्यात जातात.

प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत खरेदीच्या दिवशीच्या चार्टचे चित्र, पॅटर्नचे नाव, लिलावाचा भाव, पुढच्या निकालाची तारीख, स्टॉप लॉस आणि बाहेर पडण्याचे कारण एवढे असावे. तोट्याच्या व्यवहारांची कंत्राट-पत्रेही (ब्रोकर देतो त्या काँट्रॅक्ट नोट) जपून ठेवावीत, कारण अल्पकालीन भांडवली तोटा त्या वर्षीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे ओढता येतो. मात्र त्यासाठी आयकर विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.